कोयता की बिऱ्हाड: कोरडवाहू गावातील कुटुंबे हंगामी आणि दीर्घकाळच्या स्थलांतरात निवड कशी करतात

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिण भागातील एका गावात आपण प्रबंधासाठी पाहणी करीत आहात. तेथे एकाच गल्लीत राहणारे दोन सख्खे भाऊ आपल्याला भेटले. वाटणीत दोघांनाही चार-चार एकर जमीन आली, शिक्षण दोघांचेही दहावीच्या अलीकडे थांबले, दुष्काळ दोघांनी सारखाच सोसला. थोरला दर वर्षी बायकोसह ऊसतोडीला जातो आणि पाडव्याच्या सुमारास परततो. धाकटा सात वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या भोसरीला गेला, तो बायकामुलांसह तिकडेच आहे. दोघांच्या वर्षभराच्या कमाईत आपल्याला फारसा फरक दिसला नाही आणि म्हणून निवडीमागचे कारण काय, असे आपण विचारले आहे.

सोलापूर जिल्ह्यातील मजूर कुटुंबांच्या पाहण्या आणि त्यांच्या शिधापत्रिका, मुलांची वसतिगृहे, मुकादमाकडचे (मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडचे) हिशेब या कामांत माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून पहिली सूचना अशी की, ‘कोण जातो आणि किती मिळवतो’ या प्रश्नापासून सुरुवात करू नये. निर्णय बहुधा दुसऱ्या टोकाकडून होतो. मागे कोण राहणार आणि पैसा वर्षाच्या कोणत्या महिन्यात हाती पडला पाहिजे, या दोन गोष्टी घरात आधी ठरतात. कोण कोठे जाणार हे त्यानंतर जवळजवळ आपोआप ठरते.

लोकांची भाषाच याला साक्ष आहे. गावात ‘स्थलांतर’ हा शब्द कोणी वापरत नाही. ऊसतोडीला जाणारा माणूस ‘कारखान्याला जातो’. पुण्याला गेलेल्याविषयी बोलताना मात्र क्रियापद हळूहळू बदलत जाते. प्रथम तो ‘पुण्याला कामाला जातो’, दोन-तीन वर्षांनी ‘पुण्याला असतो’ आणि बायकामुले नेली की ‘पुण्यातच राहतो’. यांपैकी ‘असतो’ ही मधली अवस्था पाच-पाच, दहा-दहा वर्षे टिकते आणि प्रश्नावलीत तिच्यासाठी बहुतेक वेळा रकानाच नसतो. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८ च्या ६४ व्या फेरीत वर्षातून एक महिना ते सहा महिने कामासाठी बाहेर राहणाऱ्यांना अल्पकालीन स्थलांतरित मानले होते. व्याख्या आवश्यक होती, याबद्दल वाद नाही. परंतु दसऱ्याला निघून पाडव्याला परतणारी जोडी कारखान्याचा हंगाम लांबला की सहा महिन्यांची रेषा ओलांडते आणि कागदावर तिचा वर्ग बदलतो, प्रत्यक्षात काहीही बदललेले नसते. म्हणून दिवस मोजण्यापेक्षा मी एक साधा प्रश्न विचारतो: घराची किल्ली कोणाकडे आहे? किल्ली शेजाऱ्याकडे किंवा म्हातारीच्या कमरेला असेल तर ते घर हंगामी जाणाऱ्याचे आहे. भावाकडे दिली असेल तर निर्णय अजून अर्धवट आहे. किल्ली सोबत नेली असेल तर बिऱ्हाड गेले, असे समजावे.

आता आपल्या जिल्ह्याची एक खास गोष्ट. ऊसतोडीविषयी जे लिहिले जाते ते मुख्यतः बीड आणि अहिल्यानगरच्या डोंगरपट्ट्यातील गावांवरून लिहिले जाते. तेथील बरीचशी कोरडवाहू शेती खरिपाची आहे. बाजरी, कापूस, सोयाबीन यांचे काम आटोपते आणि कारखान्यांची धुराडी पेटतात, त्यामुळे शेतीचे वर्ष आणि तोडीचे वर्ष एकमेकांच्या मागे लागून येतात. सोलापूर जिल्हा परंपरेने रब्बीचा आहे. वर्षाचा पाऊस सरासरी ५०० ते ५५० मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये पडतो. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारीची पेरणी उत्तरा-हस्ताच्या ओलीवर होते आणि काढणी माघ-फाल्गुनात येते. कारखान्यांचे गाळपही साधारण याच काळात, ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च, चालते. म्हणजे ज्याच्याकडे चांगली ज्वारीची जमीन आहे, त्याला पेरणी आणि फड (तोडीचे उसाचे रान) यांपैकी एकच निवडावे लागते. सगळे घर तोडीला गेले तर ज्वारी कोण काढणार, कडबा कोण बांधणार आणि जनावरांना वर्षभर काय घालणार, हे प्रश्न उभे राहतात.

म्हणून ‘चार-चार एकर सारखी’ या नोंदीवर थांबू नये, अशी माझी विनंती आहे. वाटणीत एकाला ओढ्याकाठचे भारी रान आणि दुसऱ्याला माळाकडचे मुरमाड रान आले असेल, तर सातबाऱ्यावर क्षेत्र सारखे दिसूनही दोघांचे वर्ष निराळे असते. माझ्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा असे दिसले आहे की, भारी जमीन असलेले घर सहसा मोडून जात नाही. ते एका तरुणाला पुण्याला पाठवते आणि बाकीचे शेतीवर राहतात. हलक्या जमिनीचे घर मात्र श्रावण-भाद्रपदात मटकी-हुलगा-बाजरी जे येईल ते काढून दसऱ्यापर्यंत पूर्ण मोकळे होते. अशा घराला रान अडवत नाही आणि कोयता, म्हणजे जोडीने ऊसतोडीला जाणे, परवडतो. अपवाद आहेतच, शिवाय विहिरीला पाणी लागले किंवा कॅनॉलची चारी जवळ आली की एका वर्षात हे गणित उलटे होते. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि पुढच्या दशकांत माळशिरस, पंढरपूर, माढा या भागांत ऊस वाढला. तेव्हापासून या एकाच जिल्ह्यात दोन्ही प्रवाह वाहतात. बाहेरच्या टोळ्या येथल्या फडांत उतरतात आणि आपल्या दक्षिणेकडच्या गावांतील टोळ्या सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकाकडे निघतात. आपल्याच जिल्ह्यात तोडीचे काम असताना माणसे लांब का जातात, असे नवखे अभ्यासक विचारतात. उत्तर मुकादमाच्या करारात आहे. टोळी कोणत्या कारखान्याला जायची हे ज्याने उचल (हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम) दिली त्याच्या करारावरून ठरते, अंतरावरून नाही.

उचल हा या सगळ्या निर्णयाचा गाभा आहे आणि तिच्याकडे केवळ ‘आगाऊ मजुरी’ म्हणून पाहिले तर निर्णय कळत नाही. उचल मुख्यतः ज्येष्ठ ते भाद्रपद या महिन्यांत मिळते. कोरडवाहू घरात नेमक्या याच महिन्यांत पैसा नसतो. बियाणे-खत, शाळेची सुरुवात, पावसाळ्यातली आजारपणे, उन्हाळ्यात झालेल्या लग्नाची देणी हे सगळे एकाच वेळी दाराशी उभे असते. बँकेचे पीककर्ज थकलेले असेल किंवा जमीन वडिलांच्या नावावर असेल तर बँक दारात उभी करीत नाही, आणि गावातला सावकार शेकडा तीन ते पाच रुपये महिना व्याज लावतो. अशा वेळी मुकादम एकरकमी पन्नास हजार, ऐंशी हजार, लाख रुपये हातावर ठेवतो आणि तारण म्हणून दोन माणसांचे सहा महिने मागतो. शहर असे कधीच करीत नाही. शहरात पहिला पगार महिना भरल्यावर, कंत्राटदाराकडे असेल तर दीड महिन्यानेही मिळतो आणि त्याआधी खोलीची अनामत, प्रवास, गॅसची शेगडी, महिन्याचा किराणा हे खिशातून घालावे लागते. म्हणून माझ्या मते तोडीला जाणे हे मुळात कर्ज उचलणे आहे, ज्याची फेड अंगमेहनतीने होते, आणि बिऱ्हाड घेऊन शहरात जाणे ही गुंतवणूक आहे, जिच्यासाठी आधी थोडी शिल्लक लागते. गरीब घर जास्त कष्टाचा मार्ग का निवडते, याचे उत्तर बहुतेक वेळा इतकेच असते की कमी कष्टाच्या मार्गाचे प्रवेशमूल्य त्याच्याकडे नसते.

आकडे मांडून पाहू. जानेवारी २०२४ मधील करारानुसार तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे २७३ वरून सुमारे ३६६ रुपये झाला. जोडी रोज सरासरी दोन टन तोडते आणि हंगामात १३० दिवस प्रत्यक्ष काम होते, असे धरा. मजुरी ९५ हजार रुपयांच्या आसपास जाते. उचल एक लाख घेतली असेल आणि आठवड्याला एक हजार रुपये खर्ची घेतली असेल, तर एकोणीस आठवड्यांत आणखी १९ हजार अंगावर चढतात. हंगाम संपून पट्टा पडला तेव्हा हिशेबात २४ हजार बाकी निघते. जनावरांसाठी विकलेल्या वाढ्यांचे (उसाच्या हिरव्या शेंड्यांचे) पैसे त्यातून काही भाग भरून काढतात, पण आजारपणाचे खाडे आणि पावसाने बुडालेले दिवस तो भाग पुन्हा खातात. ही बाकी पुढच्या वर्षावर ‘फिरते’. ज्या घरात बाकी फिरली, त्या घरात पुढच्या वर्षी जायचे की नाही हा निर्णय घेतला जातच नाही, तो आधीच्या मार्चमध्ये झालेला असतो. आपल्या पाहणीत ‘या वर्षी तोडीला जाण्याचे कारण’ असा प्रश्न असेल तर त्याआधी ‘गेल्या वर्षीची बाकी किती’ हा प्रश्न टाकावा, अन्यथा माणसे सक्तीलाही पसंतीचे कारण जोडून सांगतात.

दुसऱ्या बाजूला शहराचे गणित. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात कंत्राटावर मदतनीस म्हणून महिना १४ हजार आणि बायकोला दोन-तीन घरच्या धुण्याभांड्यांचे सहा हजार, असे वीस हजार धरा. खोलीभाडे साडेचार हजार, किराणा-भाजी-गॅस आठ हजार, मुलांचा शाळा-रिक्षा-औषधांचा खर्च अडीच हजार, फोन आणि गावी येणे-जाणे हजार-दीड हजार. हाती महिन्याला साडेतीन-चार हजार राहतात, वर्षाला पंचेचाळीस हजारांच्या जवळपास. वर्षाअखेरची बेरीज पाहिली तर दोन्ही घरे उन्नीस-बीसच दिसतील. म्हणूनच आपल्याला फरक दिसला नाही. फरक पैशाच्या आकारात आहे: एका घरात तो वर्षातून एकदा गठ्ठ्याने येतो आणि लग्न, घराचे पत्रे, बोअर अशा मोठ्या कामांना पुरतो, दुसऱ्या घरात तो थेंबाथेंबाने येतो आणि त्याला साचवण्यासाठी भिशी लागते. ज्या घरात येत्या दोन वर्षांत मुलीचे लग्न आहे ते घर गठ्ठ्याकडे झुकते, आणि ज्या घरात मुलगा पाचवी-सहावीत आहे ते थेंबांकडे. हे मी नियम म्हणून सांगत नाही, पण गणिताच्या आधी घरातील मुलांची वये विचारून पाहावीत.

मागे कोण राहणार, हा प्रश्न येथेच येतो. ‘कोयता’ म्हणजे हत्यार, तसेच कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम जोडीला उचल देतो. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात आणि त्याची किंमतही अर्धीच असते. म्हणजे तोडीला जायचे तर घरातील दोन धडधाकट माणसे एकाच वेळी बाहेर पडतात. शहरात पहिल्या टप्प्यात एकच जातो आणि बाई मागे राहून घर, रान, शेळ्या, सासू-सासरे सांभाळते. त्यामुळे ज्या घरात मुलांना सांभाळणारी धडधाकट आजी आहे ते घर कोयता काढू शकते. आजी थकलेली आहे, अंथरुणाला खिळली आहे, किंवा घरात आजीच नाही, तेथे तरुण सून घराबाहेर पडू शकत नाही आणि नवरा एकटा पुण्याची गाडी धरतो. हा सांभाळण्याचा प्रश्न एका म्हातारीच्या आयुष्याइतका नाजूक असतो. मी अशी अनेक घरे पाहिली की आजी गेल्यावर पुढच्याच वर्षी कोयता थांबला. कधी उलटही झाले: मुलांना सोबत फडात नेले आणि त्यांची शाळा सुटली. पूर्वी कारखान्यांच्या तळावर तोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा चालत. आता शिक्षण विभागाच्या योजनेतून गावातच हंगामी वसतिगृहे चालवली जातात. ती वेळेवर सुरू झाली तर आजीची जागा काही प्रमाणात भरून निघते. पण टोळ्या दसऱ्याच्या मागे-पुढे निघतात आणि वसतिगृहाला मंजुरी मिळेपर्यंत दिवाळी उलटते. या एका महिन्याच्या उशिराने किती मुले तळावरच्या कोप्यांत (झोपड्यांत) जाऊन राहिली हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही केवळ प्रशासकीय बाब वाटत नाही.

बाईच्या दृष्टीने दोन्ही मार्ग निराळे आहेत आणि याची नोंद प्रबंधात स्वतंत्रपणे व्हावी असे मला मनापासून वाटते. कोयत्यात तिची मजुरी जोडीत मिसळते; ऊस तोडण्यात, मोळ्या बांधण्यात, डोक्यावरून गाडीत भरण्यात ती बरोबरीने असते, पहाटेचा स्वयंपाक वेगळाच, पण उचलीची चिठ्ठी नवऱ्याच्या नावावर होते. पाणी, संडास, आडोसा नसलेल्या तळावर पाळीचे दिवस आणि बाळंतपणे काढावी लागतात. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे मोठे प्रमाण २०१९ मध्ये उघड झाले आणि राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. खाडा पडला की दंड, ही व्यवस्था शरीरापर्यंत कशी पोचते हे तेव्हा सर्वांना दिसले. शहरात धुण्याभांड्यांचे का असेना, पैसे तिच्या हातात पडतात. पण तेथे सासू, जाऊ, शेजारीण यांचा आधार नसतो आणि पत्र्याच्या खोलीत मुलगी एकटी ठेवून कामाला जाण्याची धास्ती तिलाच असते. कित्येक घरांत शहराचा आग्रह बाई धरते आणि पुरुष गाव सोडायला तयार नसतो. कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषाचीच मुलाखत घेतली तर हा तिढा कधीच कागदावर येत नाही. मुलींची लवकर लग्ने हाही याच प्रश्नाचा भाग आहे. वयात आलेली मुलगी मागे ठेवायची कोणाकडे, ही भीती आणि लग्न झाले की नवी जोडी म्हणजे नवा कोयता व नवी उचल, हा हिशेब, दोन्ही एकाच घरात एकाच वेळी असतात. त्यांना फक्त ‘परंपरा’ म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल.

शहराकडे जाणाऱ्यांचे आणखी एक भांडवल असते आणि ते मोजायला सर्वांत अवघड आहे: तेथे आधी गेलेला आपला माणूस. मंगळवेढ्याचा मुलगा भोसरीतच का जातो आणि सांगोल्याचा दुसरीकडे का, याचे कारण कारखान्यांच्या नकाशात शोधून सापडत नाही. पहिला गेलेला मेहुणा किंवा चुलतभाऊ कोठे राहतो, यात ते असते. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरले आहेत. एकाने दुकान थाटले की तो गावातल्या पोरांना हाताखाली नेतो आणि ती पुढे स्वतंत्र होतात. सोलापूर शहराचा हातमाग-यंत्रमागही असाच वाढला. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी नात्यागोत्याच्या धाग्याने माणसे आणली, आणि घरी बसून विड्या वळण्याचे काम बायकांना मिळत असल्याने कुटुंबेच्या कुटुंबे येथे स्थिरावली. एका बाईला घर न सोडता मिळणारे काम हे बिऱ्हाड टिकण्याचे किती मोठे कारण असते, हे आपल्याच शहराच्या पूर्व भागात पाहता येईल. ज्या वस्तीतून कोणीच आधी गेलेले नाही तिला मुकादम हाच एकमेव दुवा उरतो. म्हणून एकाच गावात एक वस्ती पुण्याची आणि दुसरी वस्ती कारखान्याची, अशी विभागणी दिसते आणि ती जातीच्या रेषेवरून जाते. हे लिहायला संकोच करू नये.

अर्थशास्त्रात याविषयी बरेच काम झाले आहे, त्यातील थोडेच येथे उपयोगी पडते. जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो यांनी १९७० मध्ये मांडले की माणूस शहरातील अपेक्षित मजुरी, म्हणजे मजुरी आणि काम मिळण्याची शक्यता यांचा गुणाकार, गावच्या मजुरीशी ताडून पाहतो. यात माणूस एकटा आहे, घर नाही. ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम यांनी १९८५ मध्ये घराला निर्णयाच्या मध्यभागी आणले: कुटुंब आपली माणसे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून जोखीम वाटून घेते. आपल्या दोन भावांकडे मी याच नजरेने पाहीन. वाटण्या झाल्या तरी जोखीम वाटून घेणे थांबत नाही. धाकट्याचे रान थोरला वाट्याने करीत असेल, थोरल्याच्या मुलीला धाकट्याने शाळेसाठी ठेवून घेतले असेल, आईचे औषध दोघे मिळून पाहत असतील. तसे असेल तर त्या दोन कुटुंबांच्या दोन निवडी नसून एका घराने दोन दिशांना टाकलेली पावले आहेत. चुली वेगळ्या मोजल्या की हे दिसेनासे होते.

बांगलादेशाच्या रंगपूर भागातील एक प्रयोगही आपण जरूर वाचावा. भात लावणी आणि काढणी यांच्या मधल्या ‘मोंगा’ म्हणतात त्या उपासमारीच्या महिन्यांत, २००८ मध्ये, घराड ब्रायन, श्यामल चौधरी आणि मुशफिक मोबारक यांनी कुटुंबांना साधारण बसभाड्याएवढी, साडेआठ डॉलरची, रक्कम शहरात कामाला जाण्याच्या अटीवर दिली. तेवढ्यानेच सुमारे २२ टक्के कुटुंबांनी एक माणूस पाठवला, मागे राहिलेल्यांचे खाणे सुधारले आणि पुढच्या वर्षी मदत नसतानाही अनेक जण पुन्हा गेले. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की लोकांना अडवणारी गोष्ट आळस किंवा अज्ञान नव्हती. एकदा प्रयत्न फसला तर घर उपाशी राहील, ही भीती होती. आपल्याकडे ही भीती उचल दूर करते, मात्र फार महाग दराने.

मग गावातच काम मिळाले तर? १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्याने खडी फोडण्याची कामे पाहिली. त्याच अनुभवातून राज्याने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला आणि केंद्राचा १०० दिवसांच्या हमीचा कायदा २००५ मध्ये आला. गावातले काम वेळेवर निघते आणि मजुरी पंधरा दिवसांत मिळते तेव्हा थोड्या दिवसांसाठी बाहेर जाणे कमी होते, हे मी काही गावांत स्वतः पाहिले आहे. परंतु रोजगार हमी उचल देत नाही. ज्या घराला आषाढात साठ हजार हवे आहेत त्याला फेब्रुवारीतले बांधबंदिस्तीचे काम उपयोगी पडत नाही. म्हणून ‘काम दिले तर स्थलांतर थांबेल’ हे विधान प्रबंधात करताना काम कोणत्या महिन्यात आणि पैसा कोणत्या महिन्यात, हे स्पष्ट करावे.

एका अवस्थेतून दुसरीत घर कसे जाते, याकडे आपण विशेष लक्ष द्यावे, कारण आपल्या धाकट्या भावाची गोष्ट बहुधा तेथेच आहे. मी ज्यांना विचारले त्यांतील बहुतेक शहरवासी घरे कधी ना कधी तोडीला गेलेली होती. कोयता सोडण्यासाठी प्रथम बाकी फेडावी लागते. ती बैलजोडी विकून, शेळ्या विकून किंवा एका चांगल्या पावसाच्या वर्षी ज्वारीचे पोते-पोते बाजारात नेऊन फेडली जाते. म्हणजे कोयता बहुधा सुटतो तो चांगल्या वर्षी. दुष्काळात माणसे तोडीला जातात, आणि सुकाळानंतर शहरात. हे अनेकांना उलटे वाटते, पण हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला उतरलेल्या पहिल्या वर्षाच्या बिऱ्हाडांना त्यांनी निघण्याआधी काय विकले हे विचारून पाहा. काही घरे परतही येतात. २०२० च्या टाळेबंदीत पुण्याहून आलेल्या कुटुंबांनी गावातील कुलूप लावलेल्या घरांत दिवस काढले. त्याच एप्रिलमध्ये कारखान्यांच्या तळांवर अडकलेल्या ऊसतोड मजुरांना तपासणी करून परतण्याची परवानगी सरकारने दिली. त्या अनुभवानंतर शहरातली घरेही गावचे रेशनकार्ड सहसा हलवत नाहीत, यात्रेची वर्गणी चुकवत नाहीत. शिधापत्रिकेवर आता कोठेही धान्य उचलता येते, त्यामुळे कार्ड गावी ठेवून भोसरीत धान्य घेणे शक्य झाले आहे. पूर्वी हे शक्य नव्हते तेव्हा बाई निम्म्या धान्यासाठी मागे राहत असे. स्थलांतर लांबण्यामागे मजुरीइतकीच अशी एखादी सोय कारणीभूत असते.

एक चूक आपल्याकडून होऊ नये म्हणून आमची सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही पाहणी नोव्हेंबरात केली, कारण पावसाळा संपलेला असतो आणि रस्ते चांगले असतात. जे घर बंद सापडले त्याच्यापुढे ‘कुटुंब उपलब्ध नाही’ असे लिहून पुढचे घर घेतले. नंतर लक्षात आले की ज्यांच्याविषयी अभ्यास होता तीच माणसे आम्ही यादीतून वगळली होती आणि त्या अहवालावरून दिलेल्या सूचना गावात राहणाऱ्यांसाठी होत्या. त्याचे मला आजही वाईट वाटते.

आपण तीन फेऱ्या कराव्यात. पहिली पोळा ते घटस्थापना या दरम्यान, जेव्हा सर्व जण गावात असतात आणि उचलीचा पैसा कोठे गेला हे ताजे असते. दुसरी संक्रांतीच्या सुमारास, जेव्हा गावात फक्त म्हातारी माणसे आणि काही मुले असतील. त्या वेळी घर चालवणाऱ्या आजीला विचारावे की यंदा कोणी जायचे हे कोणत्या दिवशी, कोणासमोर ठरले आणि तिला काय विचारले गेले. तिसरी पाडव्यानंतर, मुकादमाकडचा हिशेब झाल्यावर, बाकी किती फिरली हे पाहण्यासाठी. भोसरीच्या धाकट्या भावाकडे रविवारी जावे आणि त्याच्या बायकोशी स्वतंत्रपणे बोलावे. गावाकडच्या घराची किल्ली कोणाकडे आहे, हेही तिलाच विचारावे.